पुनमचा फटका आणि मेघाचा झेल

पुना आबांच्या ओट्यावर बसायचं तर मनाची थोडी तयारी ठेवावी लागते. चहा मिळतो, तंबाखू मिळते, गावातल्या भानगडी फुकटात ऐकायला मिळतात. पण कधी ना कधी आबा मांडीवर थाप मारून विचारणारच, "आते सांग, पुनम भारी का मेघा भारी?" तुम्ही काहीही सांगा, ते चुकीचंच निघणार. पुनम म्हणालात तर आबा मेघाचे झेल काढतील. मेघा म्हणालात तर पुनमचे फटके. आणि दोघी सारख्याच म्हणालात तर मग तुमचं काही खरं नाही. असं बोलणारा माणूस खेळ बघत नाही, नुसता मैदानावर शेंगा खायला येतो, हे आबांचं ठाम मत.

पुनम ही आबांची लेक आणि मेघा ही सून. खेळ म्हणाल तर बेसबॉल. नरडाणा आणि दोंडाईचा यांच्या मधल्या एका लहानशा गावात, मिरची आणि कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या ओट्यावर बेसबॉलचं काय काम, असं नव्या माणसाला वाटतं. जुन्यांना वाटत नाही. धुळे-जळगावाकडे पोरी हा खेळ कधीच्या खेळतात.

गावात तो आणला शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी. त्यांना मैदान हवं होतं आणि आबांची मिरचीची पथारी उन्हाळ्यात रिकामी असायची. पथारी म्हणजे मिरची वाळवायची सपाट, चोपून काढलेली जमीन. हिवाळाभर तिथं लाल मिरची पसरलेली असते, चैत्रात नुसता तिचा खकाणा उरतो. आबांनी जागा दिली, आणि पोरी आपल्या जमिनीचं काय करतात ते बघायला पहिल्या दिवशी काठी घेऊन गेले. गेले जमीन राखायला आणि बसले खेळ राखायला. सर पुढं बदलून गेले, आबा काही उठले नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोळा करून त्यावर सुताचे फेरे घट्ट गुंडाळायचे आणि दोंडाईच्याच्या चांभाराकडून वरून चामडं शिवून आणायचं, असे चेंडू त्यांनी कितीतरी केले. बाहेरगावचा संघ त्या मैदानावर आला की पहिला डाव शिंकण्यातच घालवायचा. आबा म्हणायचे, हीच आपली खरी बॉलिंग.

त्या मैदानावर पुनम वाढली. तिचा हात म्हणजे देवाची देणगी. फेकलेला चेंडू बॅटजवळ येईपर्यंत ती हलायची सुद्धा नाही, आणि मग असा फटका द्यायची, की चेंडू जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगात जाऊन पडायचा. त्यातले काही चेंडू कापसाबरोबर गाठीत दाबले जाऊन परमुलखात गेले असणार, असं आबा छाती फुगवून सांगतात. धुळ्याच्या संघात ती गेली, मग राज्याच्या. क्षेत्ररक्षणाला मात्र पुनम उभी राहायची ती देवळासमोरच्या दीपमाळेसारखी. चेंडू हातात आला तर धरायचा, नाही आला तर त्याचं नशीब.

आणि मेघा जळगावची. भुसावळच्या पुढं, दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी जिथून दिसतात, त्या केळीच्या पट्ट्यातली. तिच्या बॅटीला पुनमच्या बॅटीची सर नव्हती. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेत ती उभी राहिली, की तिथून चेंडू जायची वाटच बंद. चेंडूमागं ती पळायची नाही, चेंडू येईल तिथं आधीच जाऊन पोचलेली असायची.

आठ वर्षांपूर्वी जळगावात धुळे विरुद्ध जळगाव असा अंतिम सामना झाला. शेवटचा डाव, पुनम बॅटिंगला, आणि तिनं चेंडू असा सरळ आणि खाली मारला की धुळेकर नाचायलाच लागले. तेवढ्यात जळगावची ती सडपातळ पोरगी डावीकडं आडवी झेपावली, फुफाट्यात लोळली, आणि उठली तेव्हा चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये होता. चेंडू जमिनीला टेकायच्या आत झेलला तर मारणारी बाद. पंचांनी पुनमला बाद दिलं आणि धुळं हरलं. पुनम म्हणाली, टेकला होता. आबा म्हणाले, चांगला टप्पा पडून टेकला होता. घरी परत येईपर्यंत आबांनी त्या पोरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दोन दिवस त्यांच्या घशाखाली धड घास उतरला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा स्वभाव जुनाच.

म्हणून तर पुढची गंमत. तीन-चार वर्षांनी मुलाचं, भूपेंद्रचं लग्न काढलं. भूपेंद्र नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला. शांत पोरगा, बापाच्या वाट्याचंही तोच गप्प बसतो. नात्यातल्या कुणीतरी भुसावळकडचं स्थळ सुचवलं. मंडळी मुलगी बघायला गेली. पोहे आले, मुलगी समोर बसली, आणि आबांची नजर भिंतीवरच्या पदकांवरून मुलीच्या कोपरावरच्या जुन्या व्रणावर येऊन थांबली. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हे सगळं बाजूला राहिलं. आबांनी पोह्यांची बशी खाली ठेवून, शक्य तितक्या शुद्ध मराठीत विचारलं, "जळगावच्या फायनलला तो झेल टेकला होता का नव्हता?"

भिकुबाईंनी, म्हणजे आबांच्या कारभारणीनं, कपाळाला हात लावला. मुलीचे वडील शालिग्राम नाना गोंधळले. मेघानं मान वर केली आणि म्हणाली, "नव्हता टेकला, काका. टेकला असता तर मीच सांगितलं असतं."

आबा पोह्यांची बशी पुन्हा उचलत म्हणाले, "पसंत शे." भूपेंद्रला कुणी विचारलंच नाही. पण त्यालाही पसंतच होती.

पुनमला हे कळलं तेव्हा ती धुळ्याला सासरी होती. तिनं फोनवर आधी बापाला फितूर म्हटलं आणि मग लग्नात सगळ्यात जास्त तीच नाचली. नणंद-भावजयीचं पुढं छान जमलं. फक्त त्या झेलाचा विषय निघाला, की पुनम म्हणायची "टेकला होता" आणि मेघा म्हणायची "नव्हता, ताई", आणि दोघी हसून गप्प बसायच्या. आबांना मात्र आता दोन्हीकडून बोलता येईना. एक डोळा लेकीचा, एक सुनेचा. त्या दिवसापासून ओट्यावर ती तुलना सुरू झाली ती आजतागायत.

यंदा मात्र गोष्ट निकडीची झाली. फाल्गुनात पुनमच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरनं सांगितलं, हा उन्हाळा काय तो खेळून घ्या, नंतर मैदानाबाहेर बसूनच टाळ्या वाजवायच्या. हे ऐकलं आणि आबांना एकच ध्यास लागला. दोघींना समोरासमोर त्यांनी एकदाच बघितलं होतं, तेही रागानं आंधळं होऊन. एकदा, फक्त एकदा, पुनम मारतेय आणि मेघा समोर उभी आहे, असं शांतपणे डोळे भरून बघायचं होतं. या उन्हाळ्यात झालं नाही तर पुन्हा ते होणारच नव्हतं.

आणि त्यांना एक नामी कल्पना सुचली. आखाजीला पुनम माहेरी येणारच. गावच्या बाकीच्या लेकीही येणार, त्यातल्या निम्म्या याच पथारीवर खेळून मोठ्या झालेल्या. मग लेकी विरुद्ध सुना, असा सामनाच लावून टाकायचा. लेकींची कप्तान पुनम, सुनांची मेघा. त्यांनी भटूला बोलावलं. भटूचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. गावात काहीही झालं तरी माईकवर तोच असतो, आणि माईक नसला तरी त्याचा आवाज तेवढाच असतो. त्यानं त्याच संध्याकाळी गावभर पुकारलं. तरणी पोरं पथारी झाडायला लागली. एकानं चुन्याच्या रेघा मारायचं कबूल केलं, एकानं सरबताचं. दोन-तीन दिवस गावातल्या पुरुषांना दुसरा विषय नव्हता.

बायका मात्र गप्प होत्या. पाण्याच्या टाकीवर पदराआड हसत होत्या. शेवटी भिकुबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "आखाजीले सुना गावमा ऱ्हातस का?"

आबांचा घास हातातच राहिला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि खान्देशात हा लेकींचा सण. सासरी कितीही राबा, आखाजीला मुराळी येतो आणि लेकीला माहेरी घेऊन जातो. झोके बांधतात, आमरस होतो, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि चार दिवस तिला कुणी काडी इकडची तिकडं करायला सांगत नाही. म्हणजे ज्या दिवशी गावच्या लेकी गावात येतात, त्याच दिवशी गावच्या सुना आपापल्या गावी लेकी व्हायला गेलेल्या असतात. हे गेली शेकडो वर्षं चाललंय. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि तरी आबा, भटू, सरपंच, चुना मारणारे, सरबतवाले, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"मन्हा ध्यानमाच नही ऊनं," आबा म्हणाले.

"तुम्हना ध्यानमा सुना कव्हय येतस?" भिकुबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

आबांनी मग नाना परीनं जुळवून बघितलं. आखाजीच्या आधी खेळावं तर लेकी आलेल्या नाहीत. नंतर खेळावं तर सुना परतायच्या आत लेकी निघालेल्या. भटूनं सुचवलं की सुनांना यंदा थांबवून घेऊ. त्याच्या बायकोनं ते आतून ऐकलं, आणि त्या दिवशी भटूचं जेवण बाहेर झालं.

पण कल्पना आबांच्या डोक्यात किडा सोडून गेली. सगळ्या सुना नकोत, एकटी मेघा थांबली तरी भागतं. ते दोन वेळा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी आत गेले. मेघा दोन वर्षांच्या तेजसला भरवत होती.

"मेघा, यंदा आखाजीले... म्हणजे पुनमना शेवटला खेळ शे म्हनीसन..."

"राहते मी, आबा," मेघा लगेच म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तेजसच्या तोंडात घास घातला आणि त्याचं तोंड जरा जास्तच वेळ पुसत बसली. कोपऱ्यात तिची पिशवी भरून ठेवलेली होती. वर आईसाठी घेतलेलं लुगडं होतं आणि वडलांसाठी दोंडाईच्याची मिरची.

आबा बाहेर आले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना. भिकुबाई ओट्यावर मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाच वरीस झायात तिले ईसन," त्या म्हणाल्या. "रोज तुम्ही ओट्यावर बठीसन तिन्हा झेल सांगतस. तिन्हा ग्लोव्ह कोठे शे, माहीत शे तुम्हले?"

आबांना माहीत नव्हतं. तो माळ्यावर कांद्यांच्या पाटीखाली होता.

"पुनमले तिन्हा सासरानी खेळाले धाडं," भिकुबाई खाली बघतच म्हणाल्या. "मेघाना सासरानी काय करं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. पुनमचे सासरे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर सुनेला स्कूटरवर मागं बसवून रोज धुळ्याच्या मैदानावर सोडायचे. या गोष्टीचं आबांना केवढं कौतुक. दहा जणांना सांगून झालेलं. आणि आपल्या घरात राज्यापर्यंत खेळलेली पोरगी आली, तिला आपण काय दिलं, तर ओट्यावरच्या गप्पांत जागा. एकीची कारकीर्द पुढं वाढत गेली, दुसरीची लग्नाच्या मांडवात थांबली, आणि आपण पाच वर्षं दोघींना तराजूत घालून तोलतोय. एका पारड्यावर स्वतःच हात ठेवून. आबांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना एका जागी बसवत नाही.

सकाळी ते नरडाण्याला जाऊन भुसावळच्या गाडीत बसले. घरी सांगितलं, व्याह्यांकडं काम आहे. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, जळगाव गेलं, तरी काय बोलायचं ते ठरेना.

मेघाच्या माहेरी झोक्याचा दोर आधीच ओसरीवर काढून ठेवलेला होता. मेघाच्या आई बेबाबाईंनी पाणी दिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "येते ना मेघा? का काही अडचण हाये? मले खरं सांगा."

"येस, येस. न येवाले काय झायं," आबा घाईघाईनं म्हणाले, आणि तेवढं बोलल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुपार कलल्यावर शालिग्राम नाना त्यांना केळीत घेऊन गेले. बागेच्या कडेला कापणी झालेला एक मोकळा तुकडा होता. नाना म्हणाले, मेघा लहानपणी इथंच खेळायची, तीन बाजूंनी केळी. "केळीत गेलेला चेंडू कधी सापडत नाही, आबा. साप सापडतो. म्हणून ही पोरगी चेंडू आत जाऊच देत नव्हती. आम्हाला वाटायचं, खेळात हुशार आहे. ती सापाला भीत होती."

आबा पोट धरून हसले. मग त्या तुकड्याकडं बघता बघता हसायचे थांबले. जमीन सपाट होती, लांबी-रुंदी पुरेशी होती.

"नाना," ते म्हणाले, "सामना इथं लावला तर?"

नानांना आधी काही समजेना. मग समजलं. मेघा माहेरी येणारच आहे. तिच्या गावच्या, आजूबाजूच्या लेकीही येणार, त्यातही खेळणाऱ्या आहेत. धुळ्याकडच्या लेकी इकडं आल्या, की झालं. लेकी विरुद्ध लेकी. कुणाचं माहेर बुडायला नको.

"आणि तुमची पुनम?" नाना म्हणाले. "तिचं माहेर बुडेल की."

खरंच होतं. आबांनी तिथूनच फोन लावला आणि चाचरत सगळं सांगितलं. पलीकडं पुनम हसली.

"आबा, तुम्ही आनि माय जठे, तठे मन्हं माहेर," ती म्हणाली. "वहिनीले सांगा, ग्लोव्हले तेल लावी ठेव."

ते तेल आबांनी स्वतः लावलं. घरी परतल्यावर कांद्याची पाटी उतरवली, ग्लोव्ह काढला, खोबरेल चोळून चामडं मऊ केलं आणि मेघाच्या भरलेल्या पिशवीत, लुगड्याच्या वर ठेवून दिला. मेघा एकदा तो हातात घालून, मूठ मिटून उघडून बघत राहिली.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत दोन पिकअप गाड्या भरून धुळ्याकडच्या लेकी केळीच्या मुलखात उतरल्या. पुढच्या गाडीत भटू आणि त्याचा लाउडस्पीकर. आखाजीला दोन गावच्या बायांनी समोरासमोर उभं राहून एकमेकींच्या गावाचा उद्धार करायची जुनी रीत आहे, त्याला बार म्हणतात. त्या दिवशी खेळाआधी झालेला बार असा रंगला, की भटूनं स्वतःहून माईक बंद केला. भिकुबाई आणि बेबाबाई शेजारी शेजारी खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर तेजस. दोघी आपापल्या पोरींना एकाच वेळी ओरडून सल्ले देत होत्या, आणि एकीचंही कुणी ऐकत नव्हतं.

पंच म्हणून आबांना उभं केलं, कारण एकीचा बाप आणि दुसरीचा सासरा दुसरा कुठून आणणार. आबांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की मी कुणाची बाजू घेणार नाही. यावर दोन्ही बाजूच्या लेकी हसल्या.

खेळ चांगला झाला, आणि वाईटही. कुणाची चप्पल निसटली, कुणी बेस चुकली, एकीनं चेंडू टाकून देऊन रडणारं पोर उचललं. पण पुनम बॅट घेऊन उभी राहिली की सगळे गप्प व्हायचे, आणि मेघाकडं चेंडू गेला की आबा पंच आहोत हे विसरून "वा" म्हणायचे. मेघाचा पाच वर्षांचा गंज पहिल्या दोन चेंडूंत दिसला. पहिला तिच्या हातून सुटला. तिसऱ्यापासून ती पुन्हा तीच होती.

शेवटचा डाव आला. धुळ्याला एक धाव कमी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर दोघी उभ्या, दोघी बाद झालेल्या, आणि बॅटिंगला पुनम. ती बाद झाली की सामना संपला. चेंडू पडला तर दोघी घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचणार आणि सामना धुळ्याचा. समोर, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे, मेघा जराशी वाकून उभी. आबांना जे बघायचं होतं ते हेच. सामना कुणीही जिंको, त्यांना त्याचं काहीच वाटेना.

पुनमनं मारला. सरळ, खाली, मेघाच्या डावीकडं. आठ वर्षांपूर्वीचाच फटका, जसाच्या तसा. आणि मेघा तशीच आडवी झेपावली. धूळ उडाली. बेसवरच्या दोघी जीव घेऊन घराकडं धावल्या. धुळीतून मेघा उठली तेव्हा चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये होता, आणि केळीच्या मुलखातल्या बायांनी एकच गलका केला.

आबांना काही दिसलं नव्हतं. धुळीपलीकडचं कुणालाच दिसलं नव्हतं. बाद द्यायला त्यांचा हात अर्धा वर गेला.

"आबा," मेघा म्हणाली. तिला धाप लागली होती. "टेकला."

गलका एकदम बसला. तिच्याच बाजूच्या एकीनं तिचा हात ओढला. मेघानं मान हलवली आणि पुन्हा सांगितलं, "टेकला. मग हातात आला."

आबांनी हात खाली घेतला आणि दोन्ही हात बाजूंना पसरले, म्हणजे नाबाद. धुळ्याच्या दोघी घरी पोचलेल्या होत्या. सामना धुळ्याचा झाला. पण धुळ्याच्या लेकी नाचायच्या तिथंच थांबल्या, कारण पुनम पहिल्या बेसवर पोचून, दुखरा गुडघा हातानं धरून, मेघाकडं बघत उभी होती.

ती लंगडत आबांकडं आली. तिचे डोळे भरले होते, आणि ती ते लपवत नव्हती.

"म्हणजे त्या दिन मी आउटच व्हतू, आबा," ती म्हणाली.

"हां, बेटा," आबा म्हणाले. "व्हती तू आउट."

पुनम तशीच मैदानाच्या मधोमध गेली. मेघाच्या केसांतली धूळ तिनं झटकली, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून एवढ्या हसल्या की खाटेवरच्या दोघी म्हाताऱ्या रडायला लागल्या.

आखाजी सरली. लेकी सासरी गेल्या, सुना परतल्या, आणि ओटा पुन्हा भरला. भटूनं पहिल्याच संध्याकाळी विषय काढला. "आबा, आते तं लागना ना निक्काल? पुनमताई जिंकनी. पुनमताई भारी."

"एकीना खेळ पुरा झाया," आबा म्हणाले. "दुसरीना आते परत चालू झाया. निक्काल कसा लावू?"

आणि ते उठले, कारण ऊन उतरलं होतं. पथारीवर मेघा वाट बघत होती. पासष्टी ओलांडलेला सासरा बॅट घेऊन चेंडू मारतो आणि सून ते धरते, हे बघायला आधी आठवडाभर गाव जमायचं. मग गावाला सवय झाली. चेंडू सूनबाईच्या हातून सुटला की आबा ओरडतात, "साप शे, साप!" आणि पुढचा सुटत नाही. त्यांनी पुनमच्या सासऱ्यांनाही एकदा फोन करून विचारून घेतलं, "व्याही, तुम्ही पुनमले ग्राउंडवर सोडेत, तव्हय तठेच थांबेत का घर येत?" थांबायचो, ते म्हणाले. थांबलेलं बरं असतं.

म्हणून धुळ्याला जिल्ह्याच्या संघाची निवड झाली त्या दिवशी आबा दिवसभर थांबले. कडुनिंबाखाली, मांडीवर तेजसला घेऊन. मेघा ज्या संघात निवडली जाणार होती तो जळगावशी खेळणार होता, आणि शालिग्राम नानांचं फोनवर त्याबद्दल लेकीला फितूर म्हणून झालं होतं. नावं लिहून घेणारा पोरगा फिरत फिरत आबांजवळ आला. कोणाबरोबर आलात, त्यानं विचारलं. आबांनी मैदानाकडं बोट केलं. मेघा तेव्हा एक चेंडू उचलून पहिल्या बेसकडं फेकत होती.

"तुम्ही वडील का त्यांचे?" पोरानं विचारलं.

"नही," आबा म्हणाले, आणि मांडीवरचं पोर सावरून ताठ बसले. "सासरा शे मी तिन्हा."